नणंदेची किडनी, भावजयीची राखण

अवयव बदललेल्या माझ्या भावांनो, आणि त्यांच्या औषधाची वेळ लेकरासारखी सांभाळणाऱ्या बायांनो,

आपलं सगळ्यांचं गाऱ्हाणं एकच आहे. काय करायचं ते आपल्याला सांगतात, कशासाठी करायचं ते सांगत नाहीत. "गोळी चुकवू नका" हे दहा जण सांगतील. का, असं विचारलं की म्हणतात, तुम्हाला नाही कळायचं. अडाण्याला कळत नाही असं नाही. त्याला सांगितलेलं नसतं, एवढंच. आणि अर्धवट सांगितलेला नियम माणूस जीव तोडून पाळतो, तेव्हा तो नियमच कधी कधी त्याच्या जिवावर उठतो.

मी ऊसतोड बायकांच्या सभांमधून बोलते. पण आज भाषण नको, पत्रंच पुढं ठेवते. शहादेव माझा धाकटा भाऊ. सिरसाळ्यात त्याचं बी-बियाण्यांचं दुकान आहे. यंदा जानेवारीत माझी एक किडनी त्याला बसवली. तीन महिने तो, त्याची बायको मंजुषा आणि सुरुवातीला मी, छत्रपती संभाजीनगरात दवाखान्यासमोर खोली घेऊन राहिलो. एप्रिलात तो गावी आला. पुढची पत्रं मंजुषाची आणि माझी. छापू का, असं मी विचारलं. ती म्हणाली, "छापा. पण मी जिथं रागावले ते गाळू नका." गाळलेलं नाही.

— सत्यशीला

•

चौसाळा, १२ जून २०२५

चि. सौ. मंजुषा,
अनेक आशीर्वाद.

काल फोन केला होता. शहादेवानं नेहमीप्रमाणं स्पीकरवर टाकला. मी विचारलं, "गोळ्या वेळेवर चालू आहेत ना?" उत्तर दुकानात बसलेल्या कुणा गिऱ्हाइकानं दिलं, "हायती की आक्का, एकदम टायमावर!" मग दुसऱ्यानं सोयाबीनच्या बियाण्याचं विचारलं आणि माझी किडनी तिथंच राहून गेली. म्हणून हे पत्र. पत्राला स्पीकर नसतो.

शहादेवाला एक गोष्ट पुन्हा समजावून सांग. त्याच्या अंगातले राखणदार माझ्या किडनीला परकी समजतात. ती घरात शिरलेली चोर आहे, असं त्यांना वाटतं. टॅक्रोलिमसची गोळी त्या राखणदारांना गुंगीत ठेवते. गुंगी कमी पडली तर ते उठून किडनीवर तुटून पडतील. जास्त झाली तर वाटेवरचा कोणताही आजार सरळ घरात येईल, आणि औषधच किडनीला जाचेल. म्हणून तर रक्तातली पातळी मोजत राहतात. आपल्याला बरं वाटतंय की नाही, यावर ते ठरत नाही.

जत्रेतलं, लग्नातलं उघडं खाणं नको. कापणं, खरचटणं, ताप, काहीही झालं तरी डॉक्टरला फोन. आणि मेडिकलवरून मनानं दुखण्याची गोळी आणायची नाही.

आईला नमस्कार. तू लिही, त्याला लिहायला सांगू नकोस. तो "सगळं बेस" एवढंच लिहील.

तुझी,
सत्यशीला

•

सिरसाळा, २० जून २०२५

ती. वन्सं यांना,
सा. न.

पोस्टमननं तुमचं पत्र देताना विचारलं, "कोर्टाची नोटीस हाय का?" मी म्हटलं, त्याच्याहून कडक, नणंदेचं हाय.

इकडं सगळं ठीक. गेल्या आठवड्यात यांची दाढ ठणकत होती. दुकानासमोरच्या मेडिकलवाल्यानं गोळी देऊ केली, मी हातातून काढून घेतली. आधी दवाखान्यात फोन केला, त्यांनी सांगितली तीच दिली. शेजारच्या कौशल्याबाई गुळवेलीचा काढा घेऊन आल्या होत्या. "ताकद येती, रोगाशी लढायची," म्हणाल्या. मी म्हटलं, मावशी, यांच्या अंगातली ताकद लढायला उठली तर पहिली किडनीशीच लढंल. त्या रुसून गेल्या.

एक गोड बातमी. या महिन्याच्या तपासणीत डॉक्टरांनी टॅक्रोलिमस कमी केली. रक्तात औषध भरपूर दिसतंय म्हणाले. आत्याबाईंनी लेकाच्या नावानं गल्लीत पेढे वाटले. गोळी कमी झाली म्हणजे आजार कमी झाला, नाही का? हे तर म्हणायला लागले, "अशीच कमी होत होत एक दिस बंदच होईल बग."

मी म्हटलं, बंद व्हायची न्हाई ती, जन्माची हाय. पण मनातून मलाही बरं वाटलं.

दाजींना नमस्कार.

तुमची,
मंजुषा

•

चौसाळा, १ जुलै २०२५

चि. सौ. मंजुषा,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून छातीवरचा दगड उतरला. इथल्या सभेत मी बायकांना सांगितलं, औषध पाळलं तर असं होतं बघा, सहा महिन्यांत गोळी उतरली. टाळ्या पडल्या. त्या तुझ्या होत्या.

तुझे दाजी म्हणतात, आता तरी भावाची पाठ सोड. सोडत नाही. पुढच्या तपासणीचं कळव.

तुझी,
सत्यशीला

•

सिरसाळा, ९ ऑगस्ट २०२५

ती. वन्सं यांना,
सा. न.

हे पत्र एकट्यानं वाचा.

जुलैच्या तपासणीत गोळी आणखी कमी केली. पण या वेळी डॉक्टर हसले नाहीत. औषधाची पातळी अजून वरच दिसते आणि किडनी थकली की रक्तात वाढतं ते क्रिएटिनिनही वर सरकतंय, म्हणाले. जास्त औषधानं किडनीला त्रास होतो, तेच असावं, म्हणून कमी करून बघू.

काल अंबाजोगाईला क्रिएटिनिन तपासलं. उतरायला हवं होतं, ते आणखी चढलंय. रिपोर्ट दवाखान्याला पाठवला. पोळा झाला की या, सगळं नीट बघू, म्हणाले. यांची चप्पल अंगठ्याला घट्ट बसायलीय. "पावसात कातडं आखडतं," असं हे म्हणतात. मी रोज बघते, आखडलेलं कातडं नाही, पाय सुजलाय.

दुकानात कुणी विचारलं तर हे मांडीवर थाप मारून दाखवतात, "घोडा हाय घोडा!" आणि आत येऊन आडवे होतात. आत्याबाईंना काही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगायचं की नाही, यावर दोन दिवस विचार केला. शेवटी वाटलं, अवयव तुमचा, तुम्हाला कळायला हवं.

तुमची,
मंजुषा

•

चौसाळा, १३ ऑगस्ट २०२५

मंजुषा,

तुझं पत्र वाचून मी रात्रभर विचार करत होते. औषध जास्त आहे म्हणून किडनी दुखते म्हणतात. मग औषध कमी केल्यावर ती सुधारायला हवी होती. ती बिघडते आहे. याचा अर्थ डॉक्टरला माहीत नाही असं काहीतरी तुमच्या घरात चाललं आहे.

मला सरळ उत्तर दे. कौशल्याबाईंचा काढा मागच्या दारानं येतो का? शहादेव गोळी खिशात टाकून गिऱ्हाईक करत बसतो का? तू माहेरी गेलीस, लग्नाला गेलीस, तेव्हा कोण बघतं? शेतात फवारणीला हात लावला का त्यानं? आई देवाधर्माचं काही पाजते का?

मी चाकूखाली गेले ती हौस म्हणून नाही. माझी किडनी तुझ्या स्वाधीन केली आहे. तिची राखण नीट झाली नसेल तर मला त्याचा जाब हवा.

सत्यशीला

•

सिरसाळा, १८ ऑगस्ट २०२५

ती. वन्सं यांना,

पत्र मिळालं. चुलीत घालावं वाटलं. घातलं नाही, उत्तर द्यायचं होतं.

जाब मागितलात ना, घ्या. सकाळी आठला आणि रात्री आठला मोबाइलची घंटा वाजते. ती वाजायच्या आधी मी तांब्या घेऊन उभी असते. गोळी गिळली की यांना "आ करा" म्हणते, जीभ उचलायला लावते. दुकानातली माणसं हसतात. चुलतदीर बजरंग म्हणतो, "वहिनी, इकायला काढलाय का भाऊला? दात बगायलीस ते!" मे महिन्यात माझी आई गेली. यांना घेऊन माहेरी उतरले, तिच्या अंगावर पडून रडायच्या आधी पिशवीतून यांची डबी काढली, कारण आठ वाजत आले होते. बायका म्हणाल्या, काय काळजाची पोरगी हाय. म्हणू दे.

कौशल्याबाईंनी गुळवेल पुन्हा आणली, ती मी त्यांच्या देखत म्हशीपुढं टाकली. तेव्हापासून बोलत नाहीत. म्हैस नाही, कौशल्याबाई. फवारणीच्या दिवसांत यांना शेताकडं फिरकू देत नाही.

आणि तपासणीला संभाजीनगरला जातो, त्या दिवशी तर दुप्पट जपते. पहाटेची पहिली बस असते. आत्याबाई उंबऱ्यात यांच्या हातावर दही-साखर ठेवतात, आणि त्या दह्यावरच मी आठची गोळी आधीच ठेवते. चांगल्या कामाला निघताना तोंड गोड होतं आणि औषध पोटात जातं. बसच्या हादऱ्यात पाणी सांडेल, रांगेत वेळ टळेल, हा धोकाच नको. गावी आल्यापासून एकाही तपासणीला हे गोळी घेतल्याशिवाय उंबरा ओलांडून गेलेले नाहीत.

अजून कुठली राखण करू? तुम्ही किडनी दिलीत, एकदा. त्याचे उपकार जन्मात फिटणार नाहीत. पण मी ती रोज सकाळी देते आणि रोज रात्री देते. मला कुणी हार घातला नाही, मी मागितलाही नाही. निदान चोर तरी म्हणू नका.

मंजुषा

•

चौसाळा, २० ऑगस्ट २०२५

मंजुषा,

हे पत्र घेऊन तुझे दाजी मोटारसायकलवर निघाले आहेत. ते तुझ्याच हातात देतील. रागावर नंतर बोलू. आधी हे वाच.

तुझ्या पत्रातल्या दह्यापाशी मी थांबले. आपण दवाखान्यासमोरच्या खोलीत होतो ते आठव. ज्या दिवशी रक्त द्यायचं, त्या दिवशी शहादेव उठून सरळ समोर जायचा, हात टोचून घ्यायचा, परत येऊन चहा आणि मग गोळी. तेव्हा मला वाटायचं, दवाखाना जवळ आहे म्हणून असं. आज दवाखान्यात औषधं समजावून देणाऱ्या ताईंना फोन करून विचारलं. जवळ-लांबचा प्रश्नच नव्हता. तो नियम होता.

औषधाची पातळी मोजायची ती पुढची गोळी घेण्याच्या अगदी आधी. आदल्या गोळीचं औषध आटत आटत तळाला किती उरतं, ते त्यांना बघायचं असतं. उन्हाळ्यात आपल्या गल्लीत टँकर येतो. टँकर रिकामा झाल्या झाल्या हौदात काठी घातलीस तर हौद भरलेलाच दिसणार. पाणी पुरतं की नाही, ते टँकर यायच्या आधी काठी घातली तरच कळतं. तुम्ही गोळी घेऊन निघत होता, रक्त दुपारच्या तोंडाला देत होता. काठी दर वेळी ओलीच निघायची. डॉक्टर म्हणायचे, भरपूर आहे, कमी करा. कदाचित शहादेवाला औषध कमी पडतं आहे. कदाचित म्हणते, कारण खरं ते रक्तच सांगेल.

ताईंनी सांगितलं, पोळा होईपर्यंत थांबू नका. उद्याच निघा, रात्री तिथं मुक्काम करा. रात्रीची गोळी वेळेवर. सकाळची गोळी बरोबर ठेवायची आणि रक्त दिल्यावर लगेच घ्यायची, आधी नाही. तोवर आपल्या मनानं एक गोळीही वाढवायची नाही.

शहादेवाला फोन केला होता. तो हसला. "आक्का, जलमभर टायम पाळ म्हनलीस, आन् आता गोळी थांबव म्हनायलीस? तुला काय झालंय बे?" बहिणीला बे म्हणतो गाढव. दुकानातली माणसंही हसली. तो माझं ऐकणार नाही. तुझं ऐकेल.

तू चोर नाहीस. हे लिहायला मला शरम वाटते, कारण मुळात ते लिहावं लागू नये.

सत्यशीला

•

छत्रपती संभाजीनगर, १ सप्टेंबर २०२५

ती. वन्सं यांना,
सा. न.

दवाखान्याच्या जिन्यात बसून लिहिते आहे.

दाजी आले त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. पोळा तोंडावर, बैल बजरंगच्या हवाली केले. आत्याबाई ऐकेनात, त्याही बरोबर आल्या. सकाळी सातला रांगेत उभे राहिलो, पण आमच्या आधीच लई माणसं होती. आठ वाजले. घंटा वाजली. गोळी यांच्या मुठीत.

हे म्हणाले, "मंजे, येळ झाली. टाकू का तोंडात?"

"न्हाई."

"आगं, इतके दिस तूच बोंबलायलीस टायम टायम. आन् आज तूच न्हाई म्हनायलीस?"

आत्याबाईंना राहवेना. "पोरी, दे की त्याला! सत्तीचं काय, तिला सभेत बोलायची सवय हाय. तिचं ऐकून लेकराचं औशद कावून चुकवायलीस?"

रांगेतली माणसं बघायला लागली. मी यांची मूठ माझ्या दोन्ही हातांत धरून बसले. वन्सं, खरं सांगते, तेव्हा तुमचा लई राग आला. तुमचं चुकलं असतं तर यांची वेळ मी माझ्या हातानं मोडलेली असणार होती. एप्रिलापासून जे एक काम मी मोडलं नव्हतं, तेच.

नंबर आला. सुई निघाली आणि मी मूठ सोडली.

दुसऱ्या दिवशी आकडा आला. पातळी पार तळाला. डॉक्टरांनी आधीचे कागद पुन्हा काढले आणि मला विचारलं, मागच्या वेळी गोळी घेऊन आला होता का? मी दह्याचं सांगितलं. त्यांनी ते जुन्या आकड्यांशेजारी लिहून घेतलं. मग म्हणाले, "आमच्यापुढं आकडा येतो. गोळी कधी घेतली ते त्या आकड्यावर लिहिलेलं नसतं."

एप्रिलात सुट्टी मिळाली त्या दिवशी ताईंनी हे सांगितलं होतं म्हणे. वन्सं, त्या दिवशी आपल्या गावची जीप भरून माणसं आली होती, हार-गुलाल घेऊन. हे सगळ्यांना हात जोडत होते आणि ताई बोलतील त्याला "हो हो" म्हणत होते. मी जीपमध्ये भांडी भरत होते.

किडनीचा बारीक तुकडा काढून तपासला. रिजेक्शन सुरू झालंय, म्हणजे तुमचे ते राखणदार किडनीवर उठलेत. सुरुवातच आहे म्हणतात. शिरेतून मोठी इंजेक्शनं दिली, टॅक्रोलिमस वाढवली. आता थांबून बघायचं. हे भिंतीकडं तोंड करून झोपतात. फोन आला की माझ्याकडं सरकवतात. इथं स्पीकरही नाही.

टिकेल का वन्सं?

मंजुषा

•

चौसाळा, ४ सप्टेंबर २०२५

चि. सौ. मंजुषा,
अनेक आशीर्वाद.

टिकेल की नाही, मला माहीत नाही. व्यासपीठावर असते तर "टिकणारच!" म्हणाले असते. तुला खोटं सांगणार नाही.

एवढं मात्र माहीत आहे, की त्या रांगेत तू मूठ धरून बसली नसतीस तर डॉक्टरांनी पुन्हा गोळी कमी केली असती. कमी करण्यासारखा आकडा समोर असताना ते दुसरं काय करणार? मी इथून हजार शब्द लिहिले. हात तुझे होते.

मी "माझी किडनी" लिहिलं होतं. त्यातला "माझी" खोडून टाक.

मला सर्दी-खोकला झाला आहे, म्हणून भेटायला येत नाही. गावचंही कुणी येऊ देऊ नकोस. इंजेक्शनांमुळं साखर वाढते, ती तपासतात ना, बघ. शहादेवाला म्हणावं, आक्का भिंतीशी बोलत नाही, तोंड इकडं कर.

तुझी,
सत्यशीला

•

सिरसाळा, २८ सप्टेंबर २०२५

ती. वन्सं यांना,
सा. न.

घरी आलो. क्रिएटिनिन उतरलं. एप्रिलात होतं तिथवर नाही, आणि तिथवर जाणार नाही, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं. जेवढं खरचटलं तेवढा व्रण राहणार. पण तीन तपासण्या झाल्या, आकडा जागचा हललेला नाही. पायाची सूज गेली.

हे दुकानात बसतात, नाकावर फडकं बांधून. परवा धर्मापुरीचा एक माणूस आला, त्याच्या भावाला मागच्या वर्षी किडनी बसवलीय. बोलता बोलता तो म्हणाला, "आमचा भाऊ लई पक्का हाय बरं का. तपासणीला जाताना आधी गोळी, मग चप्पल."

हे उठले. बियाण्याची पिशवी तशीच टाकली, माणसाचा हात धरला आणि म्हणाले, "फोन लाव भावाला. आत्ता लाव." फोन लागला. तर यांनीच तो स्पीकरवर टाकायला लावला, आणि सगळं दुकान गप्प केलं. आत्याबाईंना आतून बोलावलं. हौदाचं आणि काठीचं यांनी सांगितलं, तुमच्याहून बरं सांगितलं. तिकडून त्या भावानं काठीचं पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाला, "माझीबी दोनदा कमी केलीय की हो."

तो दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात गेला. पुढचं अजून कळलेलं नाही.

म्हणून म्हणते, तुम्ही विचारलं होतं तसं पत्रं छापा. असे अजून किती असतील?

तुमची,
मंजुषा

•

भावांनो, बायांनो,

किती असतील, ते मलाही माहीत नाही. गोळ्या वेगवेगळ्या असतात. तुमच्या गोळीचा तपासणीच्या दिवसाचा नियम तुमच्या डॉक्टरकडूनच घ्या, हारतुऱ्यांच्या गर्दीत नव्हे, शांत बसून घ्या. गोळी थांबवणं, वाढवणं, कमी करणं तुमच्या हातात नाही आणि माझ्याही नाही.

तुमच्या हातात एक गोष्ट आहे, आणि ती करायला शिक्षण लागत नाही. पुढच्या वेळी औषधाची पातळी तपासायला रक्त द्याल, तेव्हा सुई टोचण्याआधी समोरच्या माणसाला मोठ्यानं सांगा: "मी शेवटची गोळी अमुक वाजता घेतली आहे, ती वेळ कागदावर लिहा." आणि तो लिहीपर्यंत बाही वर करू नका.